नाताळचें गाणें आणि नाताळची परात

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवसमितीनें आजच्या मेळाव्यासाठीं आम्हांस जो विषय दिला आहे, तो पाहून कित्येकांस नवल वाटलें असेल. धर्मगुरूनें देवळाचा इतिहास सांगावा, संस्कारांचा महिमा वर्णावा. त्यानें कुलकुलांविषयीं आणि फुग्यांविषयीं बोलावें हें कसें, अशी शंका एका गृहस्थांनीं कालच आमच्याजवळ बोलून दाखविली. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, प्रभूचा जन्म ज्या गांवीं झाला त्या बेथलेहेमच्या नांवाचा हिब्रू भाषेंतला अर्थच मुळीं ‘भाकरीचें घर’ असा आहे. भाकरीच्या घरांत जन्मलेल्या बाळाच्या सणाला चुलीची आठवण केली, तर त्यांत अनुचित तें काय?

घरोघरचीं आवडतीं नाताळगीतें, पदार्थ आणि चालीरीती ह्यांची आपसांत देवाणघेवाण व्हावी, हा समितीचा हेतु. त्यासाठीं गेल्या आगमनकाळांत आम्ही व तरुणसंघाचे कांहीं सभासद आळीआळींतून हिंडलों. प्रत्येक घरीं आम्हीं दोनच प्रश्न विचारले: नाताळांत तुम्ही काय करतां, आणि तें करतांना काय गातां? पहिल्या प्रश्नाला उत्तरें भराभर आलीं. दुसऱ्याला मात्र बहुतेक घरांत थोडा वेळ कोणी बोलेना. मग आंतून, स्वयंपाकघराच्या दारांतून, एखाद्या आजीबाई म्हणावयाच्या, “पूर्वीं गात होतों, फादर. आतां पदार्थ विकत येतात.”

हें उत्तर आम्हीं इतक्या घरीं ऐकलें कीं, आज त्याविषयींच बोलावें असें आम्हीं ठरविलें आहे. गाण्याविषयीं प्रश्न केला असतां पदार्थाविषयीं उत्तर यावें, ह्याचा अर्थ काय?

थोडें मागें जाऊं. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज. त्याच्या मुळाशीं जन्म ह्या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. १५३४ सालीं वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें तो घेतला. राज्य गेलें, शब्द राहिला. शब्दाबरोबर कांहीं पदार्थही राहिले. परंतु आपल्या पूर्वजांनीं ते जसेच्या तसे ठेविले नाहींत. फुग्यांचें पीठ आंबवावयास ताडी घातली, कारण ताडाचीं झाडें दारांत होतीं. इंद्याल ही मूळची लसूण व शिरका ह्यांत मांस मुरविण्याची पोर्तुगीज रीत. इकडे तींत मिरची व मसाले आले. (मिरचीदेखील त्याच लोकांनीं समुद्रापलीकडून आणलेली, हें आपण सोयीस्करपणें विसरतों.) नेवरी तर काय, दिवाळीच्या करंजीची सख्खी बहीण. आणि बाटली मसाला पाहा! डिसेंबरच्या सणाची तयारी आपल्या बाया एप्रिल-मेच्या उन्हांत करीत. मिरच्या वाळवून, मसाले भाजून, कांडून, काळ्या बाटल्यांत ठासून भरून ठेवीत.

गाण्याची गोष्ट निराळी. देवळांत मिस्सा लॅटिन भाषेंत होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचें आपलें संविधान प्रसिद्ध केलें आणि त्यानंतर मिस्सेमध्यें मराठीला स्थान मिळालें. तोंवर आपल्या बोलींतलें गाणें कोठें राहत होतें? जात्यापाशीं, उखळापाशीं आणि चुलीपाशीं. त्याला दुसरें घरच नव्हतें. म्हणून चूल थंड झाली तेव्हां गाणेंही थांबलें. आजीबाईंचें उत्तर चुकीचें नव्हतें. तें अगदीं नेमकें होतें.

दोन उदाहरणें सांगतों.

मूळच्या गोव्याच्या, पण आपल्या धर्मग्रामांत जन्म काढलेल्या एका बाईंस आम्हीं दोदोलाची कृति विचारली. तांदळाचें पीठ, नारळाचें दूध, काळा गूळ, हें सर्व त्यांनीं सांगितलें. किती वेळ ढवळावें, ह्यावर त्या म्हणाल्या, “उकळी आल्यापासून तीन माळा.” आमच्या बरोबरच्या तरुणानें वहींत ‘तीन माळा’ असें लिहून घेतलें आणि तो आमच्या तोंडाकडे पाहूं लागला. त्यांच्या घरीं एकजण ढवळी आणि बाकीचीं आनंदाचीं, दुःखाचीं व गौरवाचीं रहस्यें म्हणत. तिसरी माळ संपली कीं दोदोल कढईच्या कडा सोडी. घड्याळ त्या घरांत होतें, पण कढईपाशीं त्याचा उपयोग नव्हता. पुढें २००२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं प्रकाशाचीं रहस्यें जोडलीं. त्यावर ह्या बाई गंभीरपणें म्हणाल्या, “चौथी माळ कढई उतरवून म्हणावी, फादर. नाहीं तर करपेल.”

दुसरें उदाहरण आमच्या मनांत अधिक खोल रुतलें आहे. एका नव्वदीला टेकलेल्या आजीबाईंनीं आम्हांस आपल्या बोलींतलें एक गाणें म्हणून दाखविलें. त्यांत योसेफ आणि मरिया बेथलेहेमांत नव्हे, तर आपल्याच आळ्यांतून जागा शोधीत हिंडतात. प्रत्येक दारीं योसेफ विचारतो, आणि प्रत्येक घरची बाई कांहीं सबब सांगते. पहिलीनें जातें मांडलें आहे. दुसरीचें तेल तापलें आहे. तिसरीकडे जांवई आला आहे. चौथीचा नवरा अजून मासळी घेऊन परतलेला नाहीं. पांचवीनें ओसरी नुकतीच सारविली आहे, तिच्यावर पाय उमटतील. सहावी दारच उघडीत नाहीं. सातवी काय म्हणते, तें आजीबाईंस आठवेना. आठवें दार गोठ्याचें. तेथें गाय आपण होऊन बाजूला सरकते.

आतां हें गाणें बायका केव्हां गात, तें ध्यानांत घ्या. तेल तापलें असतांना! ज्या सबबीवर दुसरीनें प्रभूच्या मातेला परत पाठविलें, तीच सबब हातांत झारा घेऊन ही गाणारी उभी आहे, आणि तिला तें ठाऊक आहे. म्हणूनच त्या घरची रीत अशी होती कीं, गाणें चालू असतां दारीं कोणीही आलें, मग तो भिक्षेकरी असो, ताडी आणणारा असो वा शेजारचें मूल असो, तर तळण थांबवावयाचें, त्याला पाट द्यावयाचा आणि पहिला फुगा त्याच्या हातावर ठेवावयाचा. आम्हीं गुरुविद्यालयांत आगमनकाळावर पुष्कळ प्रवचनें अभ्यासिलीं; ह्या गाण्याइतकें नेमकें प्रवचन आम्हांस क्वचितच आढळलें.

आजीबाईंच्या सुनेला हें गाणें चौथ्या दारापर्यंत येतें. नातवाला चाल येते, शब्द येत नाहींत.

विकत आणणाऱ्या भगिनींस आम्ही दोष देतों, असें मात्र कोणीं समजूं नये. सकाळच्या लोकलनें चर्चगेटला जाऊन रात्रीं घरीं येणाऱ्या सुनेनें नाताळच्या आधीं तीन रात्री जागून तळण करावें, असें सांगण्याचा अधिकार ज्यानें आयुष्यांत कधीं झारा धरला नाहीं अशा धर्मगुरूला नाहीं. आमची सूचना वेगळी आहे. प्रत्येक आळीनें आगमनकाळांत एक रविवार सायंकाळ ठरवावी, एका मोठ्या घराच्या ओसरीवर जमावें आणि एकच पदार्थ करावा. पुरुषांनींही बसावें. पुरुषांच्या बोटांना कुलकुल वळतां येत नाहींत, असा कोणताही ईश्वरी नियम आमच्या वाचनांत आलेला नाहीं.

कुलकुल ह्या कामाला सर्वांत योग्य, कारण त्यांत लहानांसही काम मिळतें. कृति लिहून घ्यावयाची असल्यास घ्या. अर्धा किलो मैदा, मूठभर बारीक रवा, दोन अंडीं, दोन मोठे चमचे गरम तूप, चार चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ. नारळाचें जाड दूध किती, असें विचारलें तर प्रत्येक घरीं एकच उत्तर मिळालें: “बसेल तितकें.” म्हणजे गोळा पुरीच्या कणकेसारखा घट्ट राहील इतकेंच, थोडथोडें घालीत जावें. अर्धा तास ओल्या फडक्याखालीं झांकावा. मग बोराएवढ्या गोळ्या करून, तेल लाविलेल्या नव्या कंगव्यावर किंवा जेवणाच्या काट्याच्या पाठीवर एकेक दाबून पसरावी आणि गुंडाळून शिंपल्यासारखी वळावी. विस्तव मंद हवा. मोठ्या आंचेवर बाहेरून लाल होतात आणि आंत कच्चे राहतात. शेवटीं साखरेच्या पक्क्या पाकांत घोळावे. एका घरीं हिशेब असा कीं, एक गाणें संपेपर्यंत एक सुपली भरली पाहिजे. मुलें शेवटच्या कडव्याला जी घाई करीत, तिच्यामुळें सुपलीच्या तळाचे कुलकुल नेहमीं वेडेवांकडे होत, आणि तेच आधीं खाल्ले जात!

आतां गीतांविषयीं. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनीं सुचविलें कीं, गायनवृंदानें इंग्रजी गीतें अजिबात बंद करावींत. आम्हांस हें मान्य नाहीं. ‘सायलेंट नाईट’ हें गीत जगभर गाइलें जातें. तें जन्मलें कोठें? ऑस्ट्रियांतील ओबर्नडोर्फ नांवाच्या लहानशा गांवीं. तेथील तरुण सहायक धर्मगुरु योसेफ मोर ह्यांनीं शब्द लिहिले होते. शेजारच्या गांवचे शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर ह्यांनीं चाल लाविली. आणि २४ डिसेंबर १८१८ च्या रात्रीं दोघांनीं गिटारीच्या साथीवर तें गाइलें. उंदरांनीं ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट मुलांस फार आवडते, पण ती मागाहून रचलेली आहे. पुढें डोंगराळ मुलुखांतल्या, हातमोजे विकणाऱ्या एका कुटुंबानें तें बाजाराच्या गांवीं गाइलें आणि तें दूरवर गेलें. एक सहायक धर्मगुरु, एक मास्तर आणि एक फेरीवाल्यांचें कुटुंब! आपल्या धर्मग्रामांत ह्यांपैकीं कोणाची उणीव आहे? परक्या गीताचा द्वेष नको; तें मूळचें कोणाच्या तरी घरचें आहे एवढें ध्यानांत असावें, म्हणजे आपल्या घरच्या गीताची लाज वाटणार नाहीं.

आणि परका म्हणावें तरी कोणाला? फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. ते १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, त्याही मराठींत. इंग्रजानें मराठी ओवी रचावी आणि आपल्या मुलांनीं मराठी ओवीला हंसावें, हें शोभत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या संप्रदायाचे नव्हत. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांचीं भजनें आज आपल्याही देवळांत गाइलीं जातात. गीत कुंपण मानीत नाहीं.

परातही मानीत नाहीं. गोव्यांत नाताळच्या ताटाला कोंसुआद म्हणतात. तें हिंदु शेजाऱ्यांकडे जातें, आणि चवथीला व दिवाळीला तिकडून ताट येतें. आपल्याकडेही ही रीत पुष्कळ घरीं आहे. ज्या घरीं त्या वर्षीं मृत्यु झाला, त्या घरीं तळण होत नसे. तेथें पहिली परात शेजाऱ्यांनीं पोंचवावयाची, आणि ती पोंचेपर्यंत आपल्या घरीं कोणीं तोंड गोड करावयाचें नाहीं. अलीकडे इमारतींत राहावयास गेलेल्या एका विधवा भगिनीनें आम्हांस सांगितलें कीं, यजमान गेले त्या नाताळांत तिच्या दारीं एकही परात आली नाहीं. तिचा राग कोणावर नव्हता. “त्यांना माहीतच नव्हतें, फादर,” असें ती म्हणाली. पूर्वीं आळींत कोणाची चूल पेटली नाहीं हें धुरावरून कळत असे. इमारतींत तें कोणीं तरी जाऊन विचारावें लागेल. ह्या वर्षींचीं अशीं घरें कोणतीं, ह्याची यादी आम्हीं केली असून ती प्रत्येक आळीच्या व इमारतीच्या प्रतिनिधींकडे दिली आहे.

गोठ्याविषयीं फार बोलत नाहीं. वेळ होत आला आहे. १२२३ सालीं संत फ्रान्सिसनें ग्रेचो येथें खरा बैल व खरें गाढव उभें करून तो देखावा मांडला, हें आपण जाणतांच. मुलांना एवढेंच सांगावयाचें कीं, प्लास्टिकचें गवत आणूं नका. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत मातीच्या थाळींत नाचणी पेरा आणि रोज पाणी द्या. नाताळपर्यंत बाळ येशूसाठीं हिरवें गवत तयार होतें.

शेवटीं सूचना. देवळाच्या पडवींत, बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळच्या मेजावर, एक जाड वही ठेविली आहे. डाव्या पानावर पदार्थ लिहावा, उजव्या पानावर तो करतांना म्हणावयाचें गाणें. लिहितां येत नसेल त्यांनीं तरुणसंघाच्या मुलांस घरीं बोलवावें. तीं शब्द लिहून घेतील आणि चाल ध्वनिमुद्रित करतील. लेखणी दोरीनें मेजाला बांधली आहे, कारण मागच्या तीन लेखण्या परत आल्या नाहींत. वहीच्या पहिल्या पानावर आम्हीं त्या आजीबाईंचें गाणें उतरविलें आहे, आणि सातव्या घरापुढें चार ओळींची जागा कोरी सोडली आहे. ती बाई काय म्हणाली, हें येथें बसलेल्यांपैकीं कोणाला ठाऊक असेल, तर आज चहाच्या वेळीं आम्हांस भेटावें. आजीबाई पुढच्या बाकावरच बसल्या आहेत.