सत्कारानंतरची दोन वर्षे

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



दहावीत उत्तम गुण मिळविलेल्या मुलामुलींना आज आपण पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह देऊन गौरविले. या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु यांपैकी बहुतेकांना डॉक्टर वा इंजिनियर व्हायचे आहे, म्हणून त्यांच्या पुढील दोन वर्षांविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

एके काळी बारावीच्या गुणांवरच मेडिकलला आणि इंजिनियरिंगला प्रवेश मिळत असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या राज्यात सीईटी आली. २०१३ मध्ये नीट झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली आणि २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने ती पुन्हा आणली. आता वैद्यकीय प्रवेश नीटवर, राज्यातील अभियांत्रिकीचा मुख्यतः सीईटीवर आणि आपल्या व्हीएनआयटीचा जेईईवर होतो. तामिळनाडूने २०२१ मध्ये न्या. ए. के. राजन समितीच्या अहवालानंतर नीटमधून सूट मागणारे विधेयक केले. राष्ट्रपतींची संमती त्यास मिळाली नाही. तो वाद महत्त्वाचाच आहे. पण आपली मुले त्याच्या निकालाची वाट पाहू शकत नाहीत.

आमच्या मते आपली मुले मागे पडतात ती अकरावीत. उत्तर नागपुरातला किंवा भिवापूर-उमरेडकडचा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतो. वेग, त्वरण, विस्थापन, मूलद्रव्य, संयुग हे शब्द त्याला नीट कळलेले असतात. अकरावीच्या वर्गात तोच विषय व्हेलॉसिटी, ॲक्सिलरेशन, डिस्प्लेसमेंट होऊन समोर येतो. त्याला भौतिकशास्त्र येत नाही असे नव्हे, ते त्याच्या ओळखीचे राहत नाही. दिवाळीपर्यंत तो वर्गात प्रश्न विचारणे सोडतो आणि बारावीत सावरू म्हणतो. बोर्डाच्या बारावीच्या परीक्षेत अकरावीचा अभ्यासक्रम विचारीत नाहीत, म्हणून पालकही अकरावी हे विसाव्याचे वर्ष समजतात. ही समजूत आता घातक आहे. नीटमध्ये अकरावीचा भाग जवळजवळ बारावीइतकाच असतो, सीईटीतही सुमारे २० टक्के असतो.

२०१७ पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हे खरे. पण ज्याने दोन वर्षे विज्ञान इंग्रजीतून वाचले, त्याला ऐन परीक्षेत मराठी परिभाषा देऊन काय साधणार? आणि सीईटीचा गणिताचा पेपर तर इंग्रजीतच असतो.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुले हे अंतर क्लासमध्ये भरून काढतात. कित्येक ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात नाव केवळ कागदावर असते आणि मुलगा दिवसभर क्लासमध्ये बसतो. २०१८ मध्ये शासनाने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तरी ही पद्धत काही गेली नाही. दोन वर्षांची फी लाखाच्या पुढे जाते. ऑटो चालविणाऱ्या बापाने ती कोठून आणावी? बार्टीने अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी नीट-जेईईच्या मोफत प्रशिक्षणाची योजना आणली, तीत दहावीच्या गुणांवर निवड होते. जागा मर्यादित असतात, त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेवले पाहिजे. आपल्याकडे जाहिरात कळते ती बहुधा मुदत संपल्यावर!

विदर्भातील मुलांसाठी आणखी एक बदल झाला आहे. वैद्यकीय प्रवेशात पूर्वी ७०:३० सूत्र होते, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, तेव्हा तेथील मुलांची तक्रार रास्तच होती. पण नागपूरच्या मेडिकलमधील जागेसाठी आता लातूर-नांदेडच्या मुलांशी स्पर्धा आहे, राखीव जागेसाठीसुद्धा. नीटला राखीव प्रवर्गास ४० पर्सेंटाइलवर पात्र ठरवितात, हे ऐकून काही घरांत पेढे वाटले जातात. पात्र ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे.

म्हणून संस्थेपुढे आमची एक सूचना आहे, ती काहींना रुचणार नाही. मंडप, हारतुरे आणि स्मृतिचिन्हे यांवरील खर्च निम्मा करावा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ मुले मोकळी असतात. त्या काळात याच सभागृहात रोज सायंकाळी दोन तास विज्ञान-गणिताची इंग्रजी परिभाषा आणि अकरावीची पहिली प्रकरणे शिकवावीत. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, इंजिनियरिंगला शिकणारी मुले आहेत. त्यांना जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, फुकट राबवून घेऊ नये.

शेवटी कागदपत्रांविषयी. गुण मिळूनही जात वैधता प्रमाणपत्राअभावी राखीव जागा हातची जाते, ही गोष्ट फार जिवाला लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरतात. आपल्या अनेक मुलांच्या आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ असते, मूळ जातीची नोंद आजोबा-पणजोबांच्या कागदात सापडते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा, जे असेल ते आताच शोधावे. बारावीच्या निकालानंतर पडताळणी समितीपुढे रांग लावून उपयोग होत नाही. अर्ज महाविद्यालयामार्फत अकरावी-बारावीतच करावा.

आज सत्कार झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपले नाव आणि माध्यम चिटणिसांकडे लिहून द्यावे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पालकांनी घरातील जुने कागद घेऊन येथे यावे, आम्ही आणि दोन निवृत्त तलाठी बसणार आहोत. ज्यांना कागद सापडले नाहीत त्यांनी तर अवश्य यावे. आजोबांचे गाव आणि तहसील तेवढी विचारून या.