शब्द ओठांवर येण्याआधी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय दिला आहे, 'भगवान बुद्धांची शिकवण आणि आपले रोजचे जीवन'. मी कार्यवाहबाईंना म्हटले, "अहो, मी काही पंडिता नव्हे. तीस वर्षे शाळेत शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे स्वयंपाकघर सांभाळले, एवढीच माझी विद्या." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हांला बोलावले." तेव्हा आज जे सांगणार आहे ते स्वयंपाकघरातले आहे, असे समजूनच ऐका.

आपल्यापैकी कित्येकींच्या घरी हा धम्म नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यांत बायाही मोठ्या संख्येने होत्या. त्या घरांतल्या लेकीसुनांना त्रिशरण-पंचशील मी काय सांगणार? त्यांनीच ते मला सांगावे. मी फक्त एका शब्दाविषयी बोलणार आहे. कोणत्याही घरातल्या, कोणताही देव मानणाऱ्या किंवा न मानणाऱ्या बाईला तो उपयोगी पडेल. तो शब्द म्हणजे 'सति'.

सति हा पाली शब्द, संस्कृतात स्मृती. पण पाढे पाठ ठेवणारी स्मृती ही नव्हे. आत्ता, या क्षणी माझा हात काय करतो आहे आणि मन कोठे आहे, याचे भान म्हणजे सति. हल्ली तिलाच 'माइंडफुलनेस' म्हणतात. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबॅट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रोग्यांसाठी तिचे वर्ग सुरू केले. आपल्याकडे सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होऊ लागली. जिला जमेल तिने जरूर जावे. पण मला ठाऊक आहे, तुमच्यातल्या निम्म्या जणी मनात म्हणत आहेत, "दहा दिवस मौन! आणि घरचे डबे कोण भरणार?"

त्यांचीही सोय बुद्धांनी करून ठेवली आहे. कुरू देशातल्या कम्मासदम्म नावाच्या गावी त्यांनी जो उपदेश केला, त्याला 'सतिपट्ठान सुत्त' म्हणतात. त्यात ते भिक्षूंना सांगतात, जाताना-येताना, हातपाय आखडताना-पसरताना, चीवर घेताना, खाताना-पिताना, इतकेच काय, शौचाला बसतानाही भान सोडू नका. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले. म्हटले, यात आमचे भांडी घासणे तेवढे राहिले! मग ध्यानात आले की राहिलेले नाही. हात जे जे करतो ते सगळे त्यात आलेच. त्या यादीच्या अगदी शेवटी दोन गोष्टी आहेत : बोलणे आणि गप्प राहणे. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

कोणी म्हणेल, भांडी घासून का कोणाला ज्ञान झाले आहे? त्यांना मी पटाचारेची आठवण देते. पटाचारा ही श्रावस्तीची. नवरा, दोन मुले, आईबाप, भाऊ, सारे गेले आणि ही वेडीपिशी होऊन फिरू लागली. बुद्धांनी तिला जवळ केले आणि ती भिक्षुणी झाली. 'थेरीगाथा' या ग्रंथात या थोर भिक्षुणींचे अनुभव त्यांच्याच तोंडून आलेले आहेत. पटाचारा सांगते की ती पाय धूत होती. पायावरचे पाणी उतारावरून वाहत जाताना तिने पाहिले आणि मन स्थिर झाले. मग खोलीत जाऊन तिने सुईने दिव्याची वात खाली ओढली, दिवा मालवला, आणि तिच्या मनाची सारी बंधने सुटली. भगिनींनो, पाय धुणे आणि दिवा मालवणे! आपण ते जन्मभर करतो. फरक इतकाच की तिने पाहिले आणि आपण पाहत नाही.

आपले कसे होते? दूध तापत ठेवतो, शेजारी उभ्याही असतो, आणि तरी ते उतू जाते. डोळे पातेल्यावर असतात. मन जावेच्या कालच्या बोलण्यावर असते, नाहीतर हातातल्या मोबाईलवर. सांडलेले दूध ओट्यावरून पुसता येते हो. पण तोंडातून उतू गेलेला शब्द पुसता येत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

माझ्या सासूबाईंना शेवटची तीन वर्षे विस्मरण झाले होते. दिवेलागण झाली की त्यांना दाराची चिंता लागायची. "अगं, कडी लावलीस का?" दर पाच मिनिटांनी हेच. एके दिवशी गॅसवर भाजी, कानाला मुलीचा फोन, आणि पुन्हा हाक आली, "अगं, कडी लावलीस का?" मी तेथूनच ओरडले, "शंभरदा सांगितले! आता विचारलेत तर दार सताड उघडे टाकीन!"

त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी विचारले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. प्रथम मला सुटल्यासारखे वाटले. मग सहज पाहिले, तर त्या पलंगाच्या कडेला बसून, पदराचे टोक मुठीत धरून, दाराकडे टक लावून बसलेल्या. चिंता होती तशीच होती. ती बोलून दाखवण्याचे धैर्य मी काढून घेतले होते. सगळे विसरणाऱ्या त्या बाईच्या ध्यानात माझा तो आवाज तेवढा राहिला होता.

त्या रात्री मी सतिपट्ठान सुत्त पुन्हा उघडले. त्यात कायेनंतर वेदना येते. पालीत वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली, अशी कोणतीही जाणीव. आधी ती जाणीव येते, शब्द मागाहून येतो. त्या संध्याकाळी आधी माझ्या छातीत ऊन झाले होते, दात आवळले गेले होते. मधे एक श्वास घेण्याइतकी जागा होती. ती जागा मला दिसली असती, तर ते वाक्य ओठांवर आलेच नसते. बुद्धांची सारी शिकवण मला समजली असे मी म्हणत नाही. पण ती एक श्वासाची जागा शोधायची, एवढे मला समजले.

आता दुसरी बाजू. आपण बोललो नाही, पण दुसरा आपल्यावर आग पाखडतो आहे, तेव्हा काय करावे? राजगृहाच्या वेळुवनात भारद्वाज कुळातला एक ब्राह्मण बुद्धांकडे आला आणि नाही नाही ते बोलू लागला. बुद्धांनी शांतपणे विचारले, "तुझ्या घरी पाहुणे येतात का?" "येतात." "त्यांच्यापुढे अन्न वाढतोस ना? त्यांनी ते घेतले नाही, तर कोणाचे?" "आमचेच." "तसेच हे. तू वाढलेस, मी घेत नाही. ते तुझे तुझ्यापाशी." पुढे तो ब्राह्मण त्यांचाच शिष्य झाला.

ही गोष्ट बायकांनी नीट समजून घ्यायला हवी. आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते, "बाईच्या जातीने गिळावे." पण बुद्धांनी गिळले नाही! त्यांनी ताट परत केले. उलट फेकले नाही आणि पोटातही घातले नाही. घरात मारहाण होत असेल, कोणी रोज पाणउतारा करीत असेल, तर ते निमूट सोसणे म्हणजे सति नव्हे. जे घडते आहे ते जसे आहे तसे पाहणे म्हणजे सति, आणि अन्यायाला अन्याय म्हणून ओळखणे हाही त्याचाच भाग. मग बोलावे, शेजारणीला सांगावे, मंडळाकडे यावे, कायद्याची मदत घ्यावी. बोलणे आणि गप्प राहणे, दोन्ही भानावर राहून करा, असे सुत्त सांगते. नुसते गप्प राहा, असे ते सांगत नाही.

मग बोलावे केव्हा आणि थांबावे केव्हा? बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, जे सांगितले ते मला सर्वांत सोपे वाटते. आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसे प्रत्येक कृतीकडे आणि शब्दाकडे पाहावे. करण्याआधी, करताना आणि केल्यावर. याने मला किंवा दुसऱ्याला पीडा होईल का? आधी दिसले तर करू नये. मधे दिसले तर तेथेच थांबावे. मागाहून दिसले तर कबूल करावे आणि पुढे जपावे. यातली तिसरी पायरी मला फार धीर देते. चुकलेल्या बाईलाही तीत जागा आहे.

सम्यक वाचेत चार गोष्टी टाळायच्या असतात : खोटे, चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड. या चारी वजा केल्या तर आपल्या हळदीकुंकवात उरेल काय, असे तुम्ही म्हणाल! म्हणून एकदम चारी नकोत. उद्यापासून एकच करा. दिवसातले एक काम निवडा, कणीक मळणे म्हणा, भांडी घासणे म्हणा. तेवढा वेळ मन हातापाशी ठेवा. ते पळेल. रागावू नका, परत आणा. हात जेथे आहे तेथे मन आणण्याची सवय लागली की राग येताना दिसू लागतो, आणि ती एक श्वासाची जागाही सापडते.

मी सासूबाईंजवळ जाऊन बसले. म्हटले, "आई, चुकले माझे. चला, कडी पाहू." त्यांचा हात धरून दारापर्यंत नेले आणि त्यांचे बोट कडीवर ठेवले. "लावली आहे," त्या म्हणाल्या. पाच मिनिटांनी पुन्हा गेलो. काही संध्याकाळी दहा वेळाही गेलो. प्रत्येक वेळी माझे मन शांत होते, असे सांगितले तर ते खोटे होईल. पण त्या पुन्हा विचारू लागल्या, हीच मला मोठी गोष्ट वाटली.

आज त्या नाहीत. दिवेलागणीला मी अजून कडीवर बोट ठेवून पाहते. तेवढा एक क्षण माझे मन दुसरीकडे कोठेही नसते.