घरगुती प्रोजेक्टर आणि जुनी फीत



चलच्चित्र घरच्या भिंतीवर आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी फ्रान्समधील पाथे कंपनीच्या ‘पाथे बेबी’ या प्रोजेक्टरास द्यावे लागते. १९२२ साली निघालेल्या या हाताने फिरवावयाच्या यंत्राची फीत ९.५ मिलिमीटर रुंद असे. तिची छिद्रे कडेस नसून दोन चित्रांच्या मध्ये असत. त्यामुळे जवळजवळ सर्व रुंदी चित्रास मिळे. जेथे मजकूर वाचावयाचा तेथे फितीच्या कडेस खाच असे. खाच येताच फीत काही क्षण थांबे, हँडल मात्र फिरतच राही. थोड्या फितीत पुष्कळ गोष्ट बसविण्याची ही युक्ती मोठी मार्मिक होय. पुढे कोडॅकने १९२३ मध्ये १६ व १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची फीत आणली.

अशी यंत्रे हौसेने जमविणारा मनुष्य पुष्कळदा घाईने जुनी फीत चढवितो, आणि तेथेच घात होतो. घरगुती चित्रणात बहुधा कॅमेऱ्यातील फीतच धुऊन पडद्यावर दाखवीत. तिची दुसरी प्रत नसे. यंत्र दुसरे मिळेल, आजोबांचे अंगणातील चालणे दुसरे मिळावयाचे नाही. सबब फीत आधी हाताने उलगडून पाहावी. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, फीत आकसली वा छिद्रे फाटली असली, तर ती यंत्रात घालूच नये. जाणत्याकडून डिजिटल प्रत करून घ्यावी. वास येणारे रीळ इतरांपासून निराळे ठेवावे. यंत्राचे वंगण व रबरी पट्टा तपासून पहिली फेरी टाकाऊ फितीची करावी. ९.५ मिलिमीटरच्या फितीत तर फीत ओढणारी नखी चुकली, की ओरखडा थेट चेहऱ्यावरून जातो.