घाटाखालीं अडलेली मोटार

परगांवीं मोटार अडली म्हणजे माणसाचा वेळ आणि त्याचा पैसा हीं दोन्ही एकदमच परक्याच्या हातीं जातात. घरच्या गांवीं आपला मिस्त्री ठरलेला असतो. त्याचें दुकान आपल्या रोजच्या वाटेवर असतें; आज त्यानें वाईट काम केलें तर उद्यां त्याला आपल्याला तोंड दाखवावयाचें असतें. वाटेवरच्या दुकानांत हें बंधन नसतें. तेथें आपण आणि तो, दोघेही जाणून असतों कीं ही भेट पहिली आणि बहुधा शेवटचीच. परमुलखांतील दुरुस्ती बेभरंवशाची होते ती, माझ्या मतें, मुख्यतः या कारणामुळें. तेथील माणसें स्वभावतः लबाड असतात म्हणून नव्हे.

श्रोतेहो, ठाणें जिल्ह्यांतील टोकावडें हें गांव आपल्यापैकीं अनेकांनीं मोटारींतून जातां जातां पाहिलें असेल. कल्याणहून मुरबाड, सरळगांव असा आलेला रस्ता टोकावडें, वैशाखरें, मोरोशी हीं गांवें मागें टाकून माळशेज घाट चढतो व पुढें ओतूर, आळेफाट्याकडे जातो. वैशाखऱ्याजवळूनच नाणेघाटाची सातवाहनकालीन वाट वर गेली आहे. त्या वाटेनें माल नेणाऱ्या व्यापाऱ्याचा बैल लंगडला तर त्यालाही पायथ्याच्या अनोळखी माणसावरच विसंबावें लागत असेल. अडचण जुनीच आहे. बैलाच्या जागीं मोटार आली, एवढेंच.

या रस्त्यावरचें एक साधें उदाहरण घेऊं. पावसाळ्यांत माळशेजचे धबधबे पाहून एक कुटुंब सायंकाळीं घाट उतरत आहे. उतारभर चालकाचा पाय ब्रेकवरच आहे. पायथ्याशीं येतां येतां चाकांपाशीं करपल्याचा वास येतो आणि ब्रेक दाबूनही मोटार पूर्वींसारखी थांबत नाहीं. पुष्कळ वेळां हा केवळ उष्णतेचा परिणाम असतो. मोटार सपाट जागीं उभी करून अर्धा तास निवूं दिली कीं ब्रेक बहुधा पुन्हा धरूं लागतात. प्रामाणिक मिस्त्री हें सांगतो, ब्रेकच्या तेलाची पातळी पाहतो आणि ‘यापुढें खालच्या गिअरवर उतरत जा’ असें बजावून निरोप देतो. दुसरा एखादा मात्र आभाळाकडे पाहतो, मुलें भुकेलीं आहेत हें पाहतो आणि म्हणतो, ‘साहेब, सगळेंच बदलावें लागेल, तसेच गेलांत तर जबाबदारी माझी नाहीं.’ प्रवाशाची भीति खरी असते. निदान मात्र खोटें असतें. ब्रेकच्या बाबतींत धाडस नको, हें निर्विवाद. निवल्यावरही ते नीट धरीत नसतील तर मोटार चालवूं नये, दुसऱ्या वाहनावर घालून न्यावी. परंतु निर्णय घेण्यापूर्वीं तो अर्धा तास अवश्य जाऊं द्यावा. आपली घाई हेंच लबाडाचें भांडवल होय.

मग करावें काय? पहिली गोष्ट, सुखरूप घरीं पोंचण्यापुरतेंच काम करून घ्यावें. मोठी दुरुस्ती ओळखीच्या मिस्त्रीसाठीं राखावी. दुसरी, काम सुरू होण्याआधीं सुट्या भागांची किंमत व मजुरी वेगवेगळी ठरवावी आणि ‘आणखी कांहीं निघालें तर आधीं विचारा’ असें स्पष्ट सांगावें. तिसरी, काढलेला जुना भाग परत मागावा. तो मागितला जाणार हें आरंभींच ठाऊक झालें कीं चांगला भाग सहसा निघतच नाहीं. चौथी, तारीख, मोटारीचा क्रमांक, केलेलें काम व घेतलेली रक्कम लिहिलेली सहीची पावती घ्यावी. विम्याबरोबर रस्त्यांतील मदतीची सोय घेतली असेल तर तिचा क्रमांक निघण्यापूर्वींच कागदावर लिहून जवळ ठेवावा.

पावतीचें महत्त्व आतां वाढलें आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं तक्रार सामान्यतः जेथें दुकान असेल किंवा जेथें प्रकार घडला असेल तेथेंच करावी लागे. दोनचार हजारांसाठीं नाशिकच्या माणसानें ठाण्याला खेटे कां घालावे? अंतर हीच लबाडाची ढाल होती. २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्यें अमलांत आला आणि ती ढाल गेली. आतां तक्रारदार जेथें राहतो किंवा कामधंदा करतो तेथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेच दाद मागतां येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं. मुदत २ वर्षांची आहे. तत्पूर्वीं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. जुन्नरकडचा भाजीपाला स्वतःच्या टेंपोनें कल्याणला नेऊन केवळ त्यावरच पोट भरणारा मनुष्यही या कायद्यानें ग्राहकच ठरतो.

न्याय मात्र दोन्ही बाजूंनीं पाहावा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणें, सांगितलेल्या कामाचा मेहनताना मिळेपर्यंत वस्तु अडवून ठेवण्याचा कारागिराला हक्क आहे. म्हणून पैशांवरून वाद पडल्यास हमरीतुमरीवर येऊं नये. रक्कम द्यावी, पावतीवर ‘हरकत राखून दिली’ असें लिहावें, मोटार घेऊन घर गांठावें आणि मग तक्रार करावी. शिवाय घाटाच्या पायथ्याच्या लहान दुकानांत प्रत्येक मोटारीचा प्रत्येक भाग कोठून असणार? तो मुरबाडहून किंवा कल्याणहून आणावा लागला, तर त्याचा वेळ व खर्च ही फसवणूक नव्हे. भर पावसांत दिवा धरून मोटारीखालीं निजणारा मिस्त्रीही याच रस्त्यावर भेटतो.

अशा माणसाचें नांव लक्षांत ठेवावें व पुढच्या प्रवाशाला सांगावें. वाईट कामाची तक्रार होते आणि चांगल्या कामाचा बोलबाला होतो, हें एकदां दिसलें कीं वाटेवरच्या दुकानालाही गांवच्या दुकानाप्रमाणें आपली अब्रू जपावीशी वाटेल.