आधी विचारा, मग खड्डा खणा

(सिल्लोड येथील युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक चूक नेहमी होते. वापरणाऱ्याला न विचारताच प्रोग्राम तयार होतो. तीच चूक मी आपल्या तालुक्यातल्या माझ्या गावात केली.

आम्ही मित्रांनी पावसाळ्यात गायरानावर 200 रोपं लावली. फोटो काढले. प्रत्येक रोपाची नोंद ठेवणारं ॲपही मी बनवलं. उन्हाळ्यापर्यंत 11 रोपं उरली. बाकीची बहुतेक शेळ्यांनी खाल्ली. मी चिडून शेजारच्या खालांकडे गेलो. त्या म्हणाल्या, “बेटा, तुम्ही एक दिवस आलात. माझ्या शेळ्या रोज तिथंच चरतात. त्यांना कुठं नेऊ, हे कुणी विचारलं का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं ते शोधलं होतं. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावानं श्रमदानाबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. पण डोंगरावर जनावरं सोडणं बंद करताना गवत विळ्यानं कापून नेण्याची मुभा ठेवली. म्हणजे डोंगर राखला गेला आणि गोठ्यातली वैरणही तुटली नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, हेही गावानंच ठरवलं. तिथं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पिकं ठरतात.

हा हिशेब तुम्हालाही जमेल. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. 1,000 हेक्टरच्या शिवारात 500 मिलिमीटर पाऊस पडला, तर 500 कोटी लिटर! त्यातलं बरंच वाहून जातं, उडून जातं. विहिरीत किती उतरलं, हे दोरी सोडून दर महिन्याला मोजा आणि वहीत लिहा. ॲप नंतर.

मग ती वही घेऊन ग्रामसभेत जा. आपली मुलं झेंडावंदनाला असतात, पण ग्रामसभेला किती असतात? आणि आपल्या आया-बहिणी? पाणी भरणारी आणि शेळ्या राखणारी माणसं बैठकीत नसतील, तर ठराव कागदावरच राहतो.

सुरुवात मशिदीपासूनही करता येईल. वाहत्या नदीकाठीही वुजूचं पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण ऐकत आलो आहोत. मग वुजूखान्याचं पाणी गटारीत का जावं? ते चार झाडांना द्या.

यंदा मी आधी खालांकडे गेलो. गायरानाचा कोणता तुकडा राखायचा आणि कोणता शेळ्यांना मोकळा ठेवायचा, हे त्यांनीच दाखवलं. या वेळी 40 रोपंच लावली. आता कुणाची शेळी तिकडे वळली, तर पहिली हाक खालांचीच येते.