कृष्णाकाठची अडीच कोसांची वाट

काशीयात्रा करून आलेल्या मनुष्याला गंगेच्या घाटांची नावे मुखोद्गत असतात. पण त्याच्या स्वतःच्या गावच्या नदीला किती घाट आहेत असे विचारले, तर तो गृहस्थ बोटे मोजू लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या बोटाशी अडखळतो. यात त्याचा अपराध मोठा नाही. जे दूर असते ते पाहण्यासाठी मनुष्य मुद्दाम वेळ काढतो, पैसा खर्चतो, डोळे उघडे ठेवतो. जे उशाशी असते ते केव्हाही पाहता येईल असा त्याचा समज असतो. आणि जे केव्हाही पाहता येते ते बहुधा कधीच पाहिले जात नाही. अशाच एका गृहस्थांच्या एका दिवसाची ही हकीकत आहे.

गृहस्थ मूळचे वाईचे. अठराव्या वर्षी ते मुंबईस गेले. तेथेच नोकरी, तेथेच बिऱ्हाड, पुढे तेथेच मुलांची लग्ने. चाळीस वर्षांत वाईस येणे झाले ते कोणाच्या मुंजीला नाहीतर कोणाच्या दहाव्या-बाराव्याला, आणि तेही सकाळी येऊन सायंकाळी परतण्याच्या बोलीवर. पाहुण्यांना घेऊन महाबळेश्वरास जाताना मोटार वाईवरून जाई. तेव्हा ते खिडकीतून बोट दाखवून म्हणत, "हे आमचे गाव." बोट खाली येईपर्यंत गाव मागे पडलेले असे.

या खेपेस ते आले होते वडिलोपार्जित वाडा विकण्यासाठी. वाड्याचे पश्चिमेचे छप्पर खचले होते, तुळयांना वाळवी लागली होती, आणि हिस्सेदार चार गावी चार दिशांना पांगले होते. घेणारा तयार होता. उरली होती ती केवळ सही. वाड्यातील दोन खोल्यांत त्यांचे वडील चुलतबंधू राहत. सारे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी विक्रीला ना रुकार दिला होता, ना नकार. "तुम्हा सर्वांचे जे ठरेल ते," एवढेच ते म्हणत. परंतु सहीच्या दिवशी सकाळीच असे निघाले की खरेदीखताच्या मसुद्यात सिटी सर्व्हेचा आकडा चुकला आहे. दुरुस्ती दुसऱ्या दिवसावाचून होणार नव्हती. मुंबईच्या माणसाला रिकामा दिवस म्हणजे मोठे संकट. येरझारा घालणाऱ्या आपल्या भावाकडे पाहून अण्णा म्हणाले, "अरे, धोमाला जाऊन ये. पण चालत जा. मोटारीतून धोम दिसत नाही."

मार्गशीर्षातील सकाळ होती. नदीवर धुके होते आणि घाटाच्या पायऱ्या दवाने ओल्या झाल्या होत्या. वाईस कृष्णेचे घाट आळ्यांच्या नावाने ओळखले जातात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. माघापासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो तो या घाटांवर पाळीपाळीने होतो. लहानपणी गृहस्थांना उत्सवातील प्रसादाच्या पंगती तेवढ्या ठाऊक होत्या. घाटांची मोजदाद त्यांनी त्या सकाळी प्रथमच केली, आणि ते सात भरले.

ढोल्या गणपतीच्या देवळामागे ते बालपणी लपंडाव खेळत. देवळाची मागील भिंत मध्येच निमुळती होऊन पुढे आलेली आहे, आणि त्या कोपऱ्यात लपण्यास चांगली सोय होती. ती भिंत तशी का आहे, हा प्रश्न त्यांना खेळताना पडला नव्हता आणि पुढे पडण्यास सवड मिळाली नव्हती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ साली बांधविले ते अगदी नदीच्या पात्रालगत. पावसाळ्यात कृष्णेचा लोंढा वरून थेट देवळावर येणार, हे बांधणाराला ठाऊक होते. म्हणून त्याने प्रवाहाकडील बाजू माशाच्या आकाराची केली. त्यामुळे पाणी तेथे दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. अडीचशेहून अधिक पावसाळे या भिंतीने असे वाटेला लावले आहेत. नदीशी भांडण न करता तिच्या शेजारी राहण्याची ही युक्ती गृहस्थ किती तरी वेळ पाहत उभे राहिले.

गाव मागे पडले आणि वाट पश्चिमेकडे वळली. डाव्या हाताला कृष्णा, उजव्या हाताला पांडवगडाचा डोंगर, आणि नदीपलीकडे पसरणीच्या घाटाची नागमोडी रेघ वर पाचगणीकडे चढत गेलेली. या डोंगरांचा आकार मोटारीतून जाताना एकसारखा आणि काहीसा कंटाळवाणा वाटतो. पायी चालणाऱ्याच्या मात्र हळूहळू ध्यानात येते की प्रत्येक डोंगराला पायऱ्या आहेत: एक उभा काळा कडा, त्याखाली गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, आणि माथा कोणी करवतीने कापावा तसा सपाट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या प्रदेशात लाव्हारसाचे पूर एकामागून एक आले आणि थरावर थर गोठत गेले. कठीण थरांचे कडे राहिले, मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. ज्या कड्यांवर पुढे गड उभे राहिले ते कडे असे आधीच तासून ठेवलेले होते. दुर्गबांधणीचे अर्धे काम निसर्गाने केले आणि उरलेले अर्धे माणसाने.

वाटेच्या दोहों बाजूंना उसाचे फड होते आणि मधूनमधून हळदीची वाफे. हळदीची पाने पिवळी पडू लागली होती. एक पान तोडून चुरगाळताच जो वास आला, त्याने गृहस्थांना चाळीस वर्षे ओलांडून एकदम माजघरात नेऊन सोडले. तेथे त्यांच्या आजी हळदीच्या पानांत पातोळ्या उकडीत असत. नदीकाठच्या वाळुंजाच्या फांदीवर एक निळा पक्षी बसला होता. तो क्षणात पाण्यावर झेपावला आणि चोचीत चांदीची काडी घेऊन परतला. त्याचे नाव गृहस्थांच्या ओठांवर येईना. बांधावरून दप्तर घेऊन चाललेल्या एका पोराने ते न विचारताच सांगितले: "खंड्या हाय त्यो." ज्याला मुंबईतील पन्नास दुकानांच्या पाट्या पाठ होत्या, त्याला आपल्या नदीवरच्या पक्ष्याचे नाव दुसऱ्याकडून ऐकावे लागले. ही लाज थोडी होती, पण खरी होती.

तीन किलोमीटरांवर मेणवली आली. येथला अर्धचंद्राकृती घाट पाहून गृहस्थ थबकले. हा घाट आपण कोठे तरी पाहिला आहे, असे त्यांना वाटू लागले. मग आठवले. २००४ सालच्या 'स्वदेस' या हिंदी चित्रपटात तो दिसला होता. मुंबईच्या चित्रपटगृहातील अंधारात त्यांनी शेजारी बसलेल्या मुलाला "जागा मोठी सुरेख आहे" असे सांगितलेही होते. ती सुरेख जागा आपल्या वाड्यापासून एका कोसावर आहे, हे मात्र त्यांनी ओळखले नव्हते.

घाटावर नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा उभा आहे. भिंतींवरील पेशवाई चित्रांचे रंग काही ठिकाणी अद्याप ताजे आहेत. उत्तर पेशवाईचा कारभार ज्याच्या लेखणीने चालला, त्या पुरुषाने आपले कागद येथे ठेवले होते. तेच इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले मेणवली दप्तर. ते पुढे साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांच्या संग्रहात गेले आणि तेथून पुण्यास डेक्कन कॉलेजात पोहोचले. घाटावर देवळाजवळ एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती देवळाची नव्हे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील पोर्तुगीज चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ती एक आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हा आकडा आहे. ज्या वर्षी औरंगजेब वारला, त्या वर्षी ओतलेली घंटा समुद्राकाठचे आपले घर सोडून कृष्णाकाठी आली आणि येथलीच झाली. कागद गेले, घंटा आली. गाव म्हणजे अशा जाण्यायेण्याचाच हिशेब असतो.

भोगावास वामनपंडितांच्या समाधीपाशी क्षणभर थांबून गृहस्थ धोमास पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. धोमच्या महादेवापुढील नंदी पाहण्यासारखा आहे. कमळाच्या आकाराचे दगडी कुंड, त्यात कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरले म्हणजे नंदी तरंगतो आहे असे वाटते. पण धोमास आता मोठे पाणी आहे ते गावाच्या वरच्या अंगास. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कृष्णेवर धरण झाले आणि मागचे खोरे जलाशयाखाली गेले. बंधाऱ्यावरून पाहिले म्हणजे निळ्या पाण्यापलीकडे कमळगडाचा डोंगर दिसतो. दृश्य असे आहे की परदेशातील तलावांची चित्रे भिंतीवर लावणाऱ्यांनी ती काढून ठेवावीत.

देवळाच्या ओवरीत एक म्हातारी बाई शिदोरी सोडून बसली होती. तिने गृहस्थांना विचारले, "कुठलं म्हनायचं तुमी?"

सवयीने उत्तर आले, "मुंबईचा."

"मुंबईला समदीच ऱ्हात्यात. गाव कुठलं?"

"वाई."

"मग तसं म्हना की." भाकरीचा तुकडा मोडीत तिने पाण्याकडे हात केला. "आमचं गाव तितं हाय. त्या टेकाडाच्या म्होरं, पान्यात. आता खालच्या अंगाला, कालव्याकडं वस्ती दिलीया. जमीन ब्येस हाय. पानी हाय. तक्रार न्हाई. पर वर्साकाठी एकदा येती हितं." थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "तुमचं घर हाय का अजून वाईत?"

"आहे."

"मग बरं हाय की."

एवढेच बोलणे झाले. तिच्या शब्दांत उपदेश नव्हता, दुःखाचे प्रदर्शनही नव्हते. धरणाच्या पाण्यावर खालची कोरडवाहू जमीन भिजली, कित्येक घरांत दोन वेळची चूल पेटली, हे तिलाही ठाऊक होते. परंतु तिच्या गावाविषयी तिला कोणी विचारून ठरविले नव्हते. गृहस्थांच्या घराविषयीचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या लेखणीच्या टोकावर होता, आणि ती लेखणी ते आज सकाळी न्याहारीपूर्वीच चालविणार होते.

परतीच्या वाटेवर सायंकाळची एस. टी. सोडून ते पुन्हा चालतच निघाले. कृष्णेचा प्रवाह आता त्यांच्याबरोबर चालला होता. ही नदी महाबळेश्वरास उगम पावते तेथून पश्चिम समुद्र अवघा ६४ किलोमीटरांवर आहे. पण सह्याद्रीच्या उताराने तिचे तोंड पूर्वेस वळविले आहे, आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून ती बंगालच्या उपसागराला मिळते. घर सोडून दूर जाणे हे जणू या मातीच्या उतारातच आहे. वाईच्या मुलांनी मुंबईस जाऊ नये असे कोण म्हणेल? पण नदी दूर जाते म्हणून उगमाकडील झरा कोणी बुजवीत नाही.

रात्री जेवताना गृहस्थ अण्णांना म्हणाले, "उद्याची सही राहू दे. माघात उत्सवाला मुलांना, नातवंडांना घेऊन येतो. त्यांनी एकदा पाहू दे. मग काय ते ठरवू."

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग भात कालवीत म्हणाले, "ये जरूर. पण एक सांगतो, रागावू नकोस. धोमची शोभा पाहून पश्चिमेचे छप्पर गळायचे थांबणार नाही. कौले घेऊन ये."

हे उत्तर ऐकून गृहस्थांना हसू आले आणि थोडे वाईटही वाटले, कारण ते अगदी खरे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरेदीदाराची भेट घेऊन माघापर्यंतची मुदत मागितली आणि एका सुताराला बोलावून पश्चिमेच्या तुळया दाखविल्या. सुताराने सांगितलेला आकडा काही लहान नव्हता. वाडा राहील की जाईल हे माघात ठरावयाचे होते. पण आता जे ठरेल ते डोळे उघडे ठेवून ठरणार होते.

आपल्या प्रदेशाचे सौंदर्य पाहावयास फार मोठी साधने लागतात असे नाही. एक मोकळा दिवस, पायांत बऱ्यापैकी वहाणा, आणि जे माहीत आहे असे वाटते ते माहीत नाही असे कबूल करण्याची तयारी, एवढे पुरते. ज्यांचे गाव पाण्याखाली गेले त्यांना ते पाहण्यासाठी ओवरीत बसून नुसता हात करावा लागतो. ज्यांचे गाव अजून कोरड्या जमिनीवर आहे, त्यांना निदान चालत जाता येते. पुढच्या सुटीत लांबच्या स्थळाचे तिकीट काढण्यापूर्वी श्रोत्यांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या गावची अडीच कोसांची वाट एकदा पायी चालून पाहावी. आणि वाटेत कोणी गाव विचारले, तर पहिल्याच खेपेस खरे उत्तर द्यावे.