जुनी नौका आणि तिची सामग्री



दूरच्या सफरीसाठी बांधलेली शिडाची नौका जेव्हा विकावयास निघते, तेव्हा तिच्या जाहिरातीचा मजकूर जगात कोठेही बहुधा एकाच वळणाचा असतो. प्रथम लांबी, रुंदी, पाण्याखालील खोली, बांधणीचे वर्ष आणि आराखडा करणाऱ्याचे नाव एवढे दोन ओळींत उरकले जाते. मग सुरू होते ती सामग्रीची यादी. लहानमोठी सात शिडे, तीन नांगर, साखळी, डिझेल इंजिन, वाऱ्याच्या दिशेनुसार चालणारे स्वयंचलित सुकाणू, रेडिओ, संकटकाळचा तराफा, दोन चुलींचा स्टोव्ह, चार माणसांना निजण्याची सोय. अलीकडे उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणारी यंत्रे आणि सूर्यप्रकाशावर वीज निर्माण करणारी तावदाने यांची तीत भर पडली आहे. यादी जसजशी लांबत जाते, तसतशी सांगितलेली किंमत वाजवी वाटू लागते.

अनुभवी खलाशी मात्र ही यादी शेवटी वाचतो. तिच्यातील बहुतेक वस्तू बंदरावरील दुकानात आठवड्याभरात मिळण्यासारख्या असतात. बाजारात सुटी मिळत नाही ती गोष्ट पहिल्या दोन ओळींतच येऊन गेलेली असते.

ती गोष्ट म्हणजे नौकेचा सांगाडा. कोकणातील खलाशी ज्याला पठाण म्हणतात तो कणा, त्याला जोडलेल्या बरगड्या, त्यांवरील फळ्या आणि हे सारे एकत्र धरून ठेवणारे खिळे व बोल्ट यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून जुनी नौका पाण्यात तरंगत असताना घेऊ नये. ती वर ओढून, कोरडी करून पाहावी, असा सर्वत्र रिवाज आहे. लाकडी नौकेत किड्याने पोखरलेली फळी शोधावयाची असते आणि लोखंडी खिळे असल्यास त्यांचा गंज. फायबरग्लासला किडा लागत नाही; परंतु वर्षानुवर्षे पाण्यात राहिल्याने त्याच्या पृष्ठभागाखाली पाणी शिरते व बारीक फोड येतात. जाणता तपासनीस हातातील लहान हातोडीने नौकेच्या अंगावर ठोकत जातो. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला की तो तेथे थांबतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा वरून चकचकीत दिसल्या, तरी टोकाच्या जोडात, जेथे नजर पोहोचत नाही, तेथे त्या तुटू लागलेल्या असू शकतात. शिडांचे कापड वाऱ्यापेक्षा उन्हाने अधिक लवकर जीर्ण होते. तराफ्याची तपासणी ठरावीक मुदतीत झालेली नसेल, तर यादीतील ती एक ओळ आहे, आधार नव्हे. असा शोध घेणारा ग्राहक विकणाऱ्याला आवडत नाही, हे सांगावयास नको.

या साऱ्या विवेचनाला एका नौकेचा इतिहास पुष्टी देतो. ती नौका मुंबईत जन्मली आणि एके काळी तिला गिऱ्हाईक मिळत नव्हते.

ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६०नंतरच्या दशकात मुंबईला एक नौका बांधून घेण्याचे ठरविले. इंग्लंडमधून त्यांनी एका आधुनिक नौकेचे आराखडे मागविले होते. हाती पडले ते ‘एरिक’ नावाच्या जुन्या नौकेचे. विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आराखडाकाराने ते नॉर्वेच्या प्राणरक्षक नौकांच्या धर्तीवर केले होते. दुसरे मागविण्यास सवड नव्हती, म्हणून तेच घेण्यात आले. मुंबईच्या सुतारांनी सागवानी लाकडात, वाकस आणि दोरीने फिरवावयाचा सामता अशा हातहत्यारांनी ती ३२ फुटी, दोन डोलकाठ्यांची नौका उभी केली, आणि १९६४ सालाच्या अखेरीस ती पाण्यात उतरली. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडील वाऱ्याला जे नाव देतात, ते ‘सुहैली’ हे नाव तिला मिळाले. १९६५च्या शेवटी ती मुंबईहून निघाली आणि दक्षिण आफ्रिकेला वळसा घालून १९६७ साली इंग्लंडला पोहोचली.

पुढे नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मनात कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा विचार आला. त्यासाठी त्यांना ‘सुहैली’ नको होती. ती मंद होती, आखूड होती आणि तिची घडण कालबाह्य समजली जात होती. कॉलिन मूडी यांच्याकडून त्यांनी एका मोठ्या पोलादी नौकेचा आराखडा करून घेतला आणि पैसा उभा करण्यासाठी ‘सुहैली’ विकावयास काढली. ती विकली गेली नाही. नव्या नौकेला कोणी आश्रयदाताही मिळाला नाही. तेव्हा आहे तीच नौका घेऊन ते १४ जून १९६८ रोजी फाल्मथ बंदरातून निघाले. त्या वर्षी ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने ‘गोल्डन ग्लोब’ नावाची स्पर्धा जाहीर केली होती. तीत एकूण ९ जण उतरले.

या प्रवासात सामग्रीच्या यादीचे काय झाले, ते ओळीने पाहण्यासारखे आहे. सुमारे अडीच महिन्यांत रेडिओवरून संदेश धाडणे बंद पडले आणि त्यानंतर अनेक महिने त्यांचा ठावठिकाणा जगाला केवळ वाटेत दिसलेल्या जहाजांवरून व किनाऱ्यांवरून कळत राहिला. दक्षिण महासागरात एका लाटेने नौका आडवी केली, आणि तिचे केबिन आपल्या जागेवरून हलले. टाक्यांतील पिण्याचे पाणी नासले. पुढे पावसाचे पाणी शिडांतून धरून साठवावे लागले. स्वयंचलित सुकाणूला त्यांनी गमतीने ‘अ‍ॅडमिरल’ असे नाव दिले होते. ऑस्ट्रेलियाच्या परिसरात ते दुरुस्तीपलीकडे मोडले, आणि उरलेले अर्धे जग त्यांनी शिडांचा समतोल साधून व सुकाणू बांधून पार केले. शिडे तर वारंवार फाटत. एकदा शीड शिवता शिवता आपली मिशीच टाक्यात गुंतल्याचे त्यांच्या ध्यानात आले, आणि सुटकेसाठी ती उपटून काढण्यावाचून मार्ग उरला नाही!

या सगळ्यांहून गंभीर प्रसंग आरंभीच, अटलांटिक महासागरात आला. नौकेत पाणी येऊ लागले. पाण्यात बुडी मारून पाहता कण्याला लागून असलेल्या फळीची फट बरीच लांबवर उघडली असल्याचे दिसले. किनारा दूर, मदतीला दुसरा माणूस नाही. श्वास रोखून पुनःपुन्हा बुड्या मारीत त्यांनी फटीत कापसाची दोरी ठोकून बसविली, तीवर कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनी मारली आणि वरून तांब्याची पट्टी लावली. मध्येच एक शार्क मासा घिरट्या घालू लागल्याने त्याला बंदुकीने मारावे लागले. तांब्याची ती पट्टी रेडिओ बसविणाऱ्या कारागिरांच्या सामानातून नौकेवर राहिलेली होती. रेडिओ पुढे मुका झाला. त्याचा हा उरलेला तुकडा मात्र अखेरपर्यंत कामी आला. कोणत्याही जाहिरातीत असा तुकडा नोंदला जात नाही.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ‘सुहैली’ फाल्मथला परतली. ९ स्पर्धकांपैकी प्रवास पुरा करणारी ती एकटीच होती. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची तीन अंगांची नवी नौका घाईने बांधलेली होती. तिच्यासाठी योजिलेल्या विद्युत्-यंत्रणा कधी पूर्णच झाल्या नाहीत, आणि जुलै १९६९मध्ये ती महासागरात निर्मनुष्य सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी ५,००० पौंडांचे आपले पारितोषिक क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले. बर्नार मॉइतेसिए या फ्रेंच खलाशाने निघण्यापूर्वीच ओझे नको म्हणून बरेच सामान उतरवून ठेवले होते आणि रेडिओ संदेशयंत्र मुळात घेतलेच नव्हते. त्यांची पोलादी ‘जोशुआ’ वेगाने जात असताना मार्च १९६९मध्ये त्यांनी स्पर्धा सोडली व ते ताहितीकडे वळले.

‘सुहैली’चा शत्रू पुढे निघाला तो मात्र अगदी अनपेक्षित. १९९७ साली ती ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथील नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या सागवानी फळ्या आकसू लागल्या. दक्षिण महासागराने जे केले नाही ते संग्रहालयाची हवा करील, असे दिसू लागताच २००२ साली तिला बाहेर काढण्यात आले आणि दुरुस्त करून पुन्हा पाण्यात सोडण्यात आले.

जुनी नौका घेऊन जग फिरण्याचा अनुभव भारतालाही आहे. भारतीय सेनेच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये घेतलेली ‘तृष्णा’ ही ३७ फुटी फायबरग्लासची नौका आधी दुसऱ्यांनी वापरलेली होती. सप्टेंबर १९८५मध्ये ती मुंबईहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून जानेवारी १९८७मध्ये मुंबईस परतली. शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय.

आणि ‘जोशुआ’? डिसेंबर १९८२मध्ये मेक्सिकोच्या काबो सान लुकास येथे आलेल्या वादळात ती इतर अनेक नौकांबरोबर किनाऱ्यावर फेकली गेली. डोलकाठ्या मोडल्या, पोटात वाळू भरली, आतील सामग्रीतले काही शाबूत राहिले नाही. मॉइतेसिए यांनी तो पोलादी सांगाडा दोन तरुणांना २० डॉलरना देऊन टाकला. त्यांनी ती वाळूतून सोडवून पुन्हा समुद्रात नेण्याजोगी केली. पुढे १९९० साली फ्रान्समधील ला रोशेल येथील सागरी संग्रहालयाने ‘जोशुआ’ विकत घेतली. त्यानंतरही शिडे उभारून ती समुद्रावर जात राहिली आहे.